म्हसोबाच्या घाटातली शपथ

"पाणी मिळंल का, बाबा?" दौलत म्हणाला.

माझा बाप दाराशी उभा होता, तो तसाच उभा राहिला. त्याला वाटलं असावं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. निगड्याच्या महारवाड्यात मराठ्याचा माणूस आला, तर तो लांब रस्त्यावर थांबून हाक मारी आणि काम सांगून निघून जाई. हा दौलत निकम मात्र पायताण काढून आमच्या घोंगड्यावर येऊन बसला होता, आणि वर पाणी मागत होता.

"धनी, पाणी आमच्या घरचं हाय," बाप हळूच म्हणाला.

"म्हायती हाय मला. तुमच्या पोरानं बसऱ्याला मला पाणी पाजलंय. त्याच्या बाटलीतलं. ते पोटात गेलं आन् मी जगलो. मग आता घरचं प्यायला काय झालं?"

आईनं घागरीतून तांब्या भरला. तो पुढं करताना निम्मं पाणी जमिनीवर सांडलं. दौलतनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि तोंड लावून प्याला. वरून धार धरून नव्हे, तोंड लावून. बाप बघत राहिला. मग त्यानं डोळे पुसले आणि बाहेर जाऊन उगाच बकरीला चारा घातला.

जर्मनची लढाई संपून आम्ही नुकतेच परत आलो होतो. मी गेलो होतो कुलीपलटणीतून, गोण्या उचलायला. पण तिकडं इराकात, बसऱ्याला, तापानं इतके ड्रायव्हर मेले की साहेबानं आम्हा चार-सहा जणांना गाडीवर बसवलं, आणि मी शिकलो. दौलत सामानाच्या कोठीवर हवालदार होता. शेजारच्या गावचा, म्हणून ओळख झाली. एकदा वाळवंटातून येताना त्याला ऊन लागलं. मी त्याला गाडीत घालून दिवसभर चालवत इस्पितळात नेला. तेव्हापासून तो मला भाऊ म्हणायचा, आणि सगळ्यांसमोर म्हणायचा.

त्या दिवशी आमच्या घरात बसून त्यानं बेत सांगितला. लष्कराच्या जुन्या लॉऱ्या पुण्याला लिलावात निघाल्या होत्या. दोघांचे साठलेले पगार एकत्र केले की एक लॉरी येते. वर ताडपत्री घालायची, आत बाकं ठोकायची आणि वडगाव स्टेशनपासून घाट ओलांडून तालुक्याला, मेढेगावला, उतारू न्यायचे.

"बैलगाडीला जायला दिवस लागतोय," तो म्हणाला. "आपण दोन तासांत न्यायचं. मुंबैच्या गिरण्या रातध्याड चालल्यात. गावोगावची माणसं तिकडं आहेत. ती येणार, जाणार. गुळाला भाव आलाय. बाबा, हा टाइम पुन्हा यायचा न्हाई."

बापानं एकच विचारलं. "गाडी हाकणारा कोण हाय, हे लोकांनी विचारलं तर?"

"ह्याचं आडनाव गायकवाड. माझ्या मामाचंबी गायकवाड. विचारणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं. आपण खोटं कुठं बोलतोय?"

"आन् कळलं तर?"

दौलतनं माझ्या खांद्यावर हात टाकला. "मी हाय न्हवं?"

परवाना काढताना कागदावर एकाचंच नाव लागत होतं. कचेरीत मी उभा राहिलो असतो, तर परवाना मिळाला नसता, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. म्हणून नाव त्याचं लागलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढची दोन वर्षं जशी गेली, तशी मी पुन्हा पाहिली नाहीत. वडगाव स्टेशनाच्या बाहेर पूर्वी एक चहाचं खोपटं होतं, तिथं बघता बघता पेठ उभी राहिली. गुळाच्या ढेपांचे ढीग लागायचे. मुंबईहून सुटीवर आलेले गिरणीकामगार खिशात घड्याळ घालून उतरायचे आणि कालपर्यंत ज्याच्या पुढे वाकत होते, त्या पाटलाच्या शेजारी बाकावर बसायचे. पाटील जरा सरकून जागा द्यायचा. मोटारीत वेगळं बाक कुणालाच नव्हतं. मला ते बघायला फार आवडायचं. वाटायचं, असंच होत जाईल सगळं. कुणी भांडणार नाही, कुणी सभा घेणार नाही, माणसं नुसती सरकून बसतील आणि जागा होईल.

गाडी मी चालवायचो आणि दौलत तिकिटं फाडायचा. पहिल्या महिन्यातच तो म्हणाला, "केरबा, लोकांसमोर मला मालक म्हण. दादा म्हटलं की विचारत्यात, कुठला भाऊ, कुणाचा कोण."

मी मालक म्हणायला लागलो. एकटे असलो की दादा. पुढं पुढं एकटं असणं कमी होत गेलं.

माझा बाप, सटवाजी, गावचा वेसकर होता. सरकारी वसुलाची थैली कमरेला बांधून तालुक्याच्या ट्रेझरीत पोचवणं त्याच्याकडे होतं. निगड्याहून निघायचा, घाट चढायचा, उतरायचा, आणि दिवस मावळायच्या आत थैली द्यायचा. हे काम त्याच्या बापाकडे होतं, आज्याकडे होतं. आता त्याच रस्त्यावरून मी मोटार घेऊन जायचो. एकदा त्यानं मला घरी बजावलं.

"वाटंत दिसलो तर थांबू नगंस. हाकबी मारू नगंस."

"बा, गाडी निम्मी माझी हाय."

"म्हणूनच सांगतोय."

दुसऱ्या वर्षी दौलतचं लग्न ठरायला लागलं. निकमांचं घर कोरडवाहू, दोन एकरांचं. पण आता दौलत मोटारमालक होता, रेशमी फेटा बांधत होता. सोयरीक आली ती वडगावच्या घाटग्यांकडून. मुलीचे चुलते तात्यासाहेब घाटगे, वतनदार माणूस. ते कोर्टाच्या कामाला आठवड्यातून एकदा आमच्या गाडीनं जायचे आणि पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी बसायचे. फारसे बोलत नसत. एकदा एवढंच म्हणाले होते, "गाडी छान चालवतोस. झोप लागते." मी आठवडाभर त्यावर खूष होतो.

त्याच सुमाराला दौलत गाडी शिकायला लागला. म्हणाला, "तू आजारी पडलास तर सर्व्हिस बंद पडायची." बरोबरच होतं. रोज सकाळी पहिली फेरी सुटण्याआधी मी त्याला सपाटीवर घेऊन जायचो. हात जड होता त्याचा, पण चिकाटी मोठी. सपाटी जमली तेव्हा म्हणाला, "आता घाट." मी त्याला घाट शिकवला. चढताना कुठं गेर बदलायचा, उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, इंजिनालाच गाडी धरू द्यायची, आणि कोल्हेदरीच्या वळणावर आधी भोंगा वाजवून मगच वळायचं. बसऱ्याच्या गोऱ्या सार्जंटानं मला शिव्या देऊन शिकवलं होतं, मी त्याला हसून शिकवलं. शेवटच्या दिवशी त्यानं एकदाही न अडखळता गाडी खाली आणली. मी त्याची पाठ थोपटली. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, लाजला.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी ते झालं.

गाडी गच्च भरली होती. घाटमाथ्यावर म्हसोबाचं ठाणं आहे, शेंदूर फासलेला दगड आणि जवळच झरा. चढून आलेली गाडी तापायची, म्हणून आम्ही तिथं थांबून रेडिएटरात पाणी घालायचो. उतारू पाय मोकळे करायला उतरायचे, कुणी म्हसोबाला सुपारी ठेवायचं. त्या दिवशी पुढच्या सीटवर तात्यासाहेब होते. ते उतरले नाहीत. दौलत डबा घेऊन झऱ्याकडे गेला.

मी खाली उतरलो आणि पाहिलं, तर झऱ्यापासून जरा बाजूला, करवंदीच्या जाळीआड माझा बाप बसला होता. उजवा पाय पुढं पसरलेला, घोटा भोपळ्यासारखा सुजलेला. काठी आडवी पडलेली. दोन्ही हात कमरेच्या थैलीवर.

मी जवळ गेलो. "काय झालं, बा?"

त्यानं मान वर केली नाही. "दगुड घसरला. जा तू. लोक बघत्यात."

"चालवतंय का?"

"चालंन हळूहळू. जा म्हणतो न्हवं?"

घोट्याला बोट लावलं तर त्यानं ओठ चावला. घाट पुरा उतरायचा बाकी होता. थैली संध्याकाळच्या आत पोचली नाही, तर पाटील-कुलकर्णी त्यालाच धरणार, चोर म्हणायलाही कमी करणार नाहीत. त्याचं तोंड वाळलं होतं. झरा पंधरा पावलांवर होता, आणि कुणीतरी वरून पाणी ओतून देईल म्हणून तो वाट बघत बसला होता.

मी त्याच्या काखेत हात घातला आणि उचलला.

"केरबा, नगं," तो पुटपुटला. "तुझ्या पाया पडतो."

मी त्याला गाडीपाशी आणलं आणि मागच्या फळीवर बसवलं. तोवर सगळ्यांच्या माना वळल्या होत्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"आरं, हा तर निगड्याचा सटवा. म्हार हाय की!"

बायकांनी लुगड्यांचे पदर आवरले. मागच्या बाकावर आधीच बसलेले दोघे खाली उड्या टाकून उतरले. बाप लगेच घाईनं बोलायला लागला.

"खरं हाय धनी. डायवरसायेबास्नी ठावं न्हवतं. दया आली त्यांस्नी. आमची काय वळखपाळख न्हाई. मी उतरतो."

तो खरंच उतरायला लागला, सुजलेला पाय खाली टाकून. माझ्यासाठी. त्याचा तो पाय बघितला आणि मला आणखी काही दिसेना.

"बस तू," मी म्हणालो, आणि लोकांकडे वळलो. "हा माझा बाप आहे."

वारं तेवढं वाहत होतं. मग एकदम सगळे बोलायला लागले. "म्हंजी हा पन..." "दोन वर्सं आमी ह्याच्या गाडीत..." "नवऱ्याला काय सांगू आता मी?" एकानं म्हसोबापुढची माती उचलून कपाळाला लावली. दुसरा म्हणाला, आता बाटलो ते बाटलो, पण ह्याला हाणला पाहिजे. दोघे-तिघे पुढं सरकलेही.

त्यांना अडवलं शिवाप्पा अडत्यानं. मेढेगावच्या पेठेत त्याची गुळाची अडत होती. जाडजूड, कपाळाला विभूती, घाईचा माणूस.

"ए, व्हा मागं," तो म्हणाला. "माझा बारा वाजता सौदा आहे. हाणून काय करता? मग गाडी कोण नेणार, तुमचा बाप?"

"पण शिवाप्पा..."

"आगगाडीत बसताना शेजारच्याला जात विचारता काय? मिरजेला जाताना विचारली होतीस? तो मागं फळीवर बसू दे. आपण घरी जाऊन आंघोळ करू. आटपलं."

आणि तो चढला. पायरी कुरकुरली, गाडी एका बाजूला झुकली, आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसला. मुंबईहून आलेला एक गिरणीकामगार हसला. "ट्राममधी कोण बगतो बाबा," म्हणत तोही चढला. मग एक शेतकरी, कुरकुरत. मग त्याची बायको, पदर नाकाला लावून. बाजार कुणालाच चुकवायचा नव्हता. मी बघत होतो. एकेक माणूस पुन्हा चढत होता. दोघे-चौघेच खाली राहिले होते, आणि तेही गाडीकडे बघत होते, रस्त्याकडे नाही.

माझ्या छातीवरचा दगड हलला. मी इंजिन फिरवायचं हँडल घ्यायला पुढं गेलो.

"थांबा," दौलत म्हणाला.

तो झऱ्याकडून आला होता. पाण्याचा डबा त्याच्या हातातच होता. त्यानं तो खाली ठेवला, फेटा सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"मंडळी, मला फसवलंय ह्यानं. गायकवाड म्हणून सांगितलं, मी इस्वास ठेवला. मला ठावं असतं तर मी ह्याला गाडीच्या चाकाला हात लावू दिला नसता."

मला आधी वाटलं, तो लोकांना शांत करायला काहीतरी बोलतोय. पुढं वळून डोळा मारेल. मी वाट पाहिली.

"दादा," मी म्हणालो.

"दादा कुणाला म्हणतो रं?"

"दौलतदादा, तू आमच्या घरी आलास. घोंगड्यावर बसलास. पाणी प्यालास माझ्या आईच्या हातचं."

गाडीतून कुणीतरी 'शिव शिव' म्हणालं. दौलतचा चेहरा लाल झाला नाही की पांढरा पडला नाही. तो चार पावलं चालत म्हसोबापाशी गेला, वाकला आणि शेंदरावर उजवा हात ठेवला.

"म्हसोबाची आन घेऊन सांगतो. ह्याच्या घराचा उंबरा मी बघितलेला न्हाई. बघितला आसंल तर माझा वंश बुडंल."

आता कुणाला काही विचारायचं उरलं नव्हतं. शिवाप्पानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या घड्याळाकडे. पुढच्या सीटवरचे तात्यासाहेब समोर रस्त्याकडे बघत होते. सगळं होईपर्यंत त्यांनी मान वळवली नव्हती.

मी बापाकडे वळलो. "बा, सांग की तू. तू तर होतास."

बाप फळीवरून खाली उतरला होता. एका पायावर उभा होता. त्यानं दौलतकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग काठी उचलली.

"चल, केरबा," तो म्हणाला.

दौलतनं रेडिएटरात पाणी घातलं. हँडल मारलं. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. तो माझ्या जागेवर बसला, तात्यासाहेबांच्या शेजारी. खाली राहिलेलेही पळत जाऊन चढले. गाडी निघाली. घाटात गाडी दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता. बरोबर जागेवर त्यानं गेर बदलला. ब्रेक न लावता, इंजिनाच्या जोरावर गाडी उतरत गेली. कोल्हेदरीच्या वळणावर भोंगा वाजला.

मी बापाला पाठीवर घेतला. तो हलका होता. ट्रेझरीच्या शिपायानं लांबूनच थैली पायरीवर ठेवायला सांगितली, मोजली आणि दार लावून घेतलं. दिवस अजून होता. बाहेर लिंबाखाली मी बापाचा घोटा फडक्यानं बांधला. कुणा ओळखीच्या बाईनं आणून दिलेली भाकरी आम्ही खाल्ली. तेव्हा तो बोलला.

"मला एक समजंना."

"काय?"

"लोक चढत हुते रं परत. मी बगत हुतो. तो वाणी चढला, ती बाई चढली. कुणी दौलतला काय विचारलं न्हवतं. मग शपथ मागितली कुणी?"

मी त्याच्यासाठी एक उत्तर शोधलं.

"भ्याला असंल, बा. इतकी माणसं. पुढं सोयरा बसलेला. घाबरला आन् तोंडातून निघून गेलं. एकदा निघालं की मागं कसं घेणार?"

बापानं विचार केला. "व्हय," तो म्हणाला. "भ्याला असंल. भ्यालेला माणूस काय बी बोलतो. आपन न्हाई का आयुष्यभर बोललो."

आणि तो थोडा हसला. आम्ही दोघांनी ते तसंच ठरवलं.

गाडीवर माझा काही हक्क उरला नव्हता. सगळे कागद त्याच्या नावावर होते. गावात राहणं शक्य नव्हतं, कारण आता मी बाजारभर बाटवणारा झालो होतो. मी बायकोला आणि आई-बापाला घेऊन मुंबईला आलो. समुद्रात भराव घालायचं काम जोरात चाललं होतं, लॉऱ्यांना ड्रायव्हर पाहिजे होते. ठेकेदार इंग्रज होता, त्यानं फक्त हात बघितले. नायगावच्या चाळीत खोली मिळाली. बाप पुढं तीन पावसाळे जगला. शेवटपर्यंत लंगडत होता. त्यानं दौलतला कधी शिवी दिली नाही. दौलतच्या लग्नाची बातमी आली तेव्हा म्हणाला, "चांगलं झालं. निदान त्याच्या कामी आलं."

मीही शिवी दिली नाही. चाळीत मित्र कधी विचारायचे, तुझी सर्व्हिस होती म्हणतोस, ती गेली कशी? मी सांगायचो, माझा भागीदार चांगला होता, पण ऐन वेळेला घाबरला. असं सांगितलं की मला बरं वाटायचं. घाबरणं मला समजत होतं. बसऱ्याला मी मोठमोठे सुभेदार घाबरलेले पाहिले होते, आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्या दिवशी जेवलोही होतो.

पुढं बऱ्याच वर्षांनी, तेजी केव्हाच बसली होती, निम्म्या गिरण्या अर्धा आठवडा चालत होत्या, तेव्हाची गोष्ट. लॅमिंग्टन रोडला मोटारींच्या सामानाची दुकानं आहेत. मी तिथल्या एका गॅरेजात फोरमन झालो होतो. दुपारी जेवणाच्या सुटीत कुणीतरी मागून हाक मारली.

"केरबा."

वळलो. दौलत होता. अंग सुटलेलं, मिशा पांढऱ्या, हातात चांदीच्या मुठीची काठी. नव्या गाड्यांचे सांगाडे बघायला मुंबईला आला होता. त्याच्या आता बारा मोटारी धावत होत्या, हे मला लोकांकडून ठाऊक होतं. मी हात पुसले. काय करावं कळेना. त्यालाही कळत नव्हतं. शेवटी आम्ही गॅरेजच्या पायरीवर बसलो.

त्यानं बापाची चौकशी केली. गेला म्हणून सांगितलं. आईची केली. तीही गेली होती. मग तो काठीनं जमिनीवर रेघा ओढत राहिला.

"तुझ्याकडं यायचं म्हणून किती वेळा ठरवलं," तो म्हणाला. "धीर झाला न्हाई."

मला त्याची दया आली. खरंच आली. इतक्या वर्षांचं ओझं घेऊन म्हातारा माणूस पायरीवर बसला होता. मी म्हणालो, "जाऊ दे दौलतदादा. भ्यालास तू. एवढी माणसं, वर तात्यासाहेब शेजारी. कुणीही भ्यालं असतं. माझा बाप पण तेच म्हणाला."

त्यानं काठी थांबवली.

"काय म्हणाले बाबा?"

"म्हणाले, भ्याला असंल."

रस्त्यावरून एक व्हिक्टोरिया घोडागाडी गेली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत तो बसून राहिला.

"भ्यालो न्हवतो, केरबा," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं.

"तात्यासाहेबांस्नी आधीच कळलं हुतं. निगड्याच्या कुलकर्ण्यानं सांगितलं. त्यांनी मला घरी बोलावून नेलं. म्हणाले, गाडी चांगली चालवतो, आमची काय तक्रार न्हाई. पण लग्नाआधी त्याला बाजूला करा, आन् असं करा की तुम्हाला ठाऊक न्हवतं, हे चारचौघांत दिसलं पायजे. मी म्हटलं, गाडी कोण चालवणार? ते म्हणाले, तुम्ही शिका की."

मी हातातल्या फडक्याची घडी घालत राहिलो.

"दोन म्हैने मागून घेतले मी. घाट जमंपर्यंत. पुढच्या बाजारी स्टँडावर करायचं ठरवलं हुतं. तुझा बाप वाटंत भेटला, म्हणून आधी झालं." तो थांबला. "लोक परत चढायला लागले तवा मला वाटलं, आता हे हातचं जातंय."

"आणि शपथ?"

"ती पन ठरलेली हुती. फक्त म्हसोबाची न्हवं, स्टँडावरच्या मारुतीची."

गॅरेजात भोंगा झाला. सुटी संपली होती. माणसं डबे बंद करून आत जायला लागली. दौलत उठला. त्यानं मोठा श्वास घेतला आणि त्याचे खांदे खाली आले.

"तात्यासाहेब गेले औंदा," तो म्हणाला. "म्हटलं, आता सांगून टाकावं. मनात ठेवून मरायला नको."

"बरं केलंस," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तो काठी टेकत, येताना आला होता त्यापेक्षा सरळ चालत, रस्ता ओलांडून गेला. मी आत जाऊन उघडलेल्या इंजिनापुढं उभा राहिलो. हातात पाना होता, पण काय करत होतो ते आठवेना. इतकी वर्षं माझ्यापाशी काही नव्हतं तरी एक मित्र होता, भित्रा का असेना. ती पायरी सोडून दौलत गेला, आणि मग तो भित्रा मित्रही राहिला नाही.